बिरादार सरांचा मनाचा तास

बिरादार सर पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहीत नसत. वर्गात आले की टेबलाला टेकून उभे राहायचे, सगळ्या पोरांवरून एकदा नजर फिरवायचे आणि विचारायचे, "राग कुठं येतो? हात लावून दाखवा."

पोरं आधी हसायची. मग कुणी डोक्याला हात लावायचं, कुणी गळ्याला, कुणी पोटाला. सर एकेकाकडे बघत फिरायचे. एकदा अकरावीतल्या एका पोरीनं नुसते तळवे पुढं केले. "मला हितं येतो सर," ती म्हणाली, "राग आला की मी भांडी लई जोरात घासते." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते वर्गाला म्हणाले, "ऐका रे. आज हिनं तुमच्या सगळ्यांपेक्षा पुढचा धडा सांगितला."

लातूरच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी फिजिक्स शिकवत आलो, तिथं ते कला शाखेला मानसशास्त्र शिकवायचे. एकाच आवारात संस्थेचं हायस्कूलही होतं. लातुरात विज्ञान शाखेचा मास्तर म्हणजे काय असतो हे मराठवाड्यात सांगायला नको. आमच्याकडे आईबाप गावाकडून पोराला घेऊन यायचे, आई खोली करून राहायची, बाप शेती सांभाळायला परत जायचा. पोरगं डॉक्टर होईपर्यंत ते घर दोन ठिकाणी जगायचं. कला शाखा म्हणजे त्या गर्दीतून उरलेल्यांची जागा. बिरादार सर त्या उरलेल्यांना जूनमध्ये सांगायचे, "तुम्ही हितं कसं आलात ते मला ठाऊक हाय. टक्के कमी पडले. पडू द्या. जास्त पडले असते तर स्वतःकडं बघायला सवड कुठून मिळाली असती?"

ते मूळचे उदगीरकडचे. बोलता बोलता मध्येच "हौदा?" म्हणायचे. कानडीत त्याचा अर्थ "हो का?" एवढाच, पण सरांच्या तोंडी तो शब्द वेगवेगळ्या कामांना यायचा. पोरगं खरं बोलत असेल तर "हौदा" हळू यायचा, थापा मारत असेल तर लांबायचा. आम्हा मास्तरांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा लांबायचाच.

शिक्षकखोलीत त्यांची थट्टा चालायची. मीही करायचो. "काय बिरादार, आज आमचं मन वाचा की जरा," असं मी म्हटलं की ते भाकरीचा घास खाली ठेवून माझ्याकडे बघायचे. "तुमचं वाचायला भिंग लागंल शिंदे सर. अक्षर लई बारीक हाय." सगळे हसायचे. मीही हसायचो.

ते काही आदर्श शिक्षक नव्हते. अभ्यासक्रम त्यांच्याकडून कधी वेळेवर संपला नाही. एका प्रकरणात शिरले की तिथंच रमायचे, आणि फेब्रुवारीत पोरं गाईडं घेऊन धावायची. दुसऱ्याचं पेन घेऊन त्याचं टोपण चावायची वाईट सवय होती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी नवरदेवाचा बाप उजव्या हातानं डावं मनगट का धरून बसलाय ते शेजाऱ्याला समजावून सांगायचे, आणि शेजारी नेमका मुलाकडचा निघायचा.

पण त्यांचा स्मृतीचा तास ऐकायला मी दोनदा व्हरांड्यात थांबलोय. तास सुरू झाला की आमचा शिपाई विठ्ठल सूचनेची वही घेऊन वर्गात यायचा, सरांना काहीतरी सांगायचा आणि जायचा. पंधरा-वीस मिनिटांनी सर विचारायचे, "विठ्ठलमामाचा सदरा कुठल्या रंगाचा हुता? वही कुठल्या हातात हुती? बोलले काय?" मग जी भांडणं लागायची! निळा, राखाडी, डावा, उजवा, "आईची आन सर, मी बघितलं." सर सगळ्यांना भांडू द्यायचे. मग विठ्ठलला परत बोलवायचे, आणि सगळा वर्ग चूप व्हायचा.

"ह्यात खोटं कोण बोललं?" ते विचारायचे. "कुणीच न्हाई. आठवण म्हणजे कणगीत भरलेली ज्वारी न्हाई, हात घातला की तशीच निघायला. ती भाकरीसारखी दर वेळी नव्यानं थापावी लागते. थापणाऱ्याच्या हातावर हाय सगळं. म्हणून हात सांभाळा."

दहावीच्या पोरांसाठी शनिवारचा जादा तास त्यांनी स्वतःहून मागून घेतला होता. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्गखोली रिकामी नाही. सर म्हणाले, सायकल स्टँड चालेल. पत्र्याखाली, सायकलींच्या रांगांमध्ये, पोरं कॅरिअरवर बसून ऐकायची. पोरं त्याला "मनाचा तास" म्हणायची. तिथं एकच नियम होता. कुणी कुणाला पागल म्हणायचं नाही, चेष्टेतही नाही. एका पोरानं म्हटलं तेव्हा सरांनी त्याला शिक्षा केली नाही, पण तास थांबवून ते आपली स्कूटर काढून निघून गेले. पुढच्या शनिवारी त्या पोरानं सगळ्यांच्या आधी येऊन जागा झाडून ठेवली होती.

ह्या एका शब्दाला ते एवढे का बिथरतात, हे मी एकदा विचारलं होतं. पेपर तपासत दोघंच बसलो होतो. ते म्हणाले, त्यांचा थोरला भाऊ एका वर्षी बोलायचा बंद झाला. खायचा, शेतात जायचा, पण बोलेना. घरच्यांनी बाहेरचं लागलंय म्हणून एका देवस्थानाला नेलं, तिथं खांबाला बांधून ठेवलं. गावची पोरं बघायला जायची. "मी बी गेलतो," सर म्हणाले. "त्यानं माझ्याकडं बघितलं आन् मी भिऊन पळालो. नववीत हुतो शिंदे. नववीत मला कुणी नुसतं सांगितलं असतं की माणसाचं मन बी आजारी पडतं, ताप येतो तसं, तर मी पळालो नसतो."

"थांबून तरी काय केलं असतं?"

"काय न्हाई. बसलो असतो त्याच्यापाशी."

भावाचं पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पेनाचं टोपण चावत पुढचा पेपर ओढला.

आता किरणबद्दल सांगायला हवं. ते टाळत टाळतच इथवर लिहिलं.

किरण भोकर तालुक्यातल्या एका खेड्यातला. माझ्या बारावी विज्ञानच्या वर्गात होता, मी वर्गशिक्षक. आई त्याच्यासोबत लातुरात खोली करून राहिलेली, बाप दर पंधरवड्याला ज्वारी, डाळ घेऊन यायचा. पोरगं शांत, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर त्याचे मार्क घसरायला लागले. आमच्याकडे दर रविवारी चाचणी व्हायची, सोमवारी मार्क बापाच्या मोबाइलवर जायचे, आणि घसरलेल्यांच्या बापाला वर्गशिक्षकानं स्वतः फोन करायचा, अशी रीत होती. तो फोन मी अभिमानानं करायचो. पोरांवर आमचं लक्ष आहे हे बापाला कळावं.

स्वयंअध्ययनाच्या तासाला किरण गायब असतो, हे मला कळलं. तो बिरादार सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा. एका दुपारी मी प्रयोगशाळेत होतो. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत, पलीकडे सरांची प्रात्यक्षिकाची खोली. किरणचा आवाज आला.

"पेपर समोर आला की हात गार पडतेत सर. येतंय ते बी दिसत न्हाई. मला वाटून राहिलं की मी मेलो तर आई गावाकडं जाईल, सुटंल."

सरांनी खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे बोललास ते लई बेस केलंस. आता ऐक. शिक्षण सोडायचं, ठेवायचं, आज काहीच ठरवायचं न्हाई. आज तू आईला सांगायचं, की हात गार पडतेत. एवढंच. मी येतो संगं. नांदेडला एक डॉक्टरीणबाई हायत, माझ्या वळखीच्या, त्यांच्याकडं जाऊ. बापाला आपण दोघं मिळून सांगू, तुला दम निघंल तेव्हा. तवर हे माझ्यापाशी राहील."

"कुणाला सांगणार न्हाई ना सर?"

"तुला इचारल्याबिगर न्हाई."

मी हे सगळं ऐकलं, शब्दन् शब्द. त्या दिवशी संध्याकाळी सर किरणच्या खोलीवर गेले, आईला भेटले, हेही मला नंतर कळलं.

आणि सोमवारी मी किरणच्या बापाला फोन केला. मार्क सांगितले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "पोरगं अभ्यास सोडून आर्ट्सच्या मानसशास्त्राच्या तासाला बसून राहिलंय. बिरादार सरांशी बोलतं. परीक्षेची भीती बसलीय म्हणे मनात. जरा लक्ष घाला." मेल्याबिल्याचं मात्र मी बोललो नाही. सांगायला नको ते सांगितलं, आणि सांगायला हवं होतं तेच गाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाप आला. प्राचार्यांच्या खोलीत उभा राहून बोलत होता. उंच माणूस, आवाज फाटलेला. "माझ्या पोराला पागल ठरवून राहिले तुम्ही! गावात कळलं तर काय तोंड दाखवू? डाक्टर व्हायला पाठवलं, पागलाचा डाक्टर कुणी मागितला?" किरण भिंतीपाशी उभा होता, खाली मान घालून. बिरादार सर होते. वर्गशिक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं.

सर म्हणाले, "पाटील, पोरगं पागल न्हाई. दमलंय. खाली बसा, बोलू."

"तुमी बोलूच नका. माझ्या पोरानं तुमच्यापाशी सांगितलं आन् ते फोनवर माझ्यापातूर आलं. ह्येच का तुमचं शास्त्र?"

तेव्हा किरणनं मान वर केली आणि सरांकडे बघितलं. ही नजर मला कुणी पुन्हा थापून द्यायची गरज नाही. त्याला वाटलं, सरांनीच त्याचं बोलणं माझ्यापर्यंत पोचवलं.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "शिंदे, तुमची प्रयोगशाळा शेजारीच आहे. बिरादारांनी पोराला शिक्षण सोड म्हणून सांगितलं का? काही ऐकलं तुम्ही?"

एक वाक्य पुरलं असतं. 'मी भिंतीपलीकडून ऐकलं; सरांनी मला काही सांगितलं नाही, आणि पोराला शिक्षण सोड असंही म्हटलं नाही.' त्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि माझं नाव पुढं होतं. चोरून ऐकलेलं मी फोनवर बोललो हे कळलं असतं तर काय झालं असतं? फार तर बोलणी बसली असती. मी तेवढ्यालाही भ्यालो.

मी म्हणालो, "मला आठवत नाही सर."

बिरादार सर माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. ते किरणकडे बघत होते. "हौदा" सुद्धा म्हणाले नाहीत.

त्या विद्यार्थ्याशी यापुढं बोलणार नाही, असं संस्थेनं बापासमोर सरांकडून कबूल करून घेतलं. सायकल स्टँडमधला तास बंद झाला. जूनमध्ये मानसशास्त्र विषयाला पुरेशी पोरं नाहीत असं कारण निघालं आणि सरांना संस्थेच्या भोकरच्या शाळेवर पाठवलं, भूगोल आणि हिंदी शिकवायला. निरोप समारंभात मी हार घातला. तेव्हा मी पर्यवेक्षक होतो.

त्यानंतर काही वर्षांनी ते मला नांदेडच्या बस स्टँडवर भेटले. मी परीक्षेच्या कामाला गेलो होतो. बाकावर बसून ते शेंगा फोडत होते, केस पांढरे झालेले. मला बघून सरकले, जागा केली, मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. म्हणाले, भोकरच्या हेडमास्तरांना पटवून शनिवारी दहावीला तास घेतोय, आता चांगली खोली मिळालीय, पंखासुद्धा आहे. त्या पंख्याचं त्यांना फार कौतुक होतं.

तिथं, माणसांच्या त्या कालव्यात, मी त्यांना सांगितलं. फोनवर ते मी आपल्या मनानं बोललो होतो. सगळं ऐकलं होतं आणि आठवतही होतं.

ते शेंगा फोडत राहिले. "ठाऊक हाय. सोमवारचे फोन तुमचेच असायचे, आन् मधली भिंत प्लायवूडची."

"मग तिथंच बोलला का नाहीत?"

"बारावी हुती त्याची. परीक्षेपातूर तुमच्यापुढं बसायचं हुतं त्याला. दोन मास्तरांवरचा इश्वास उडण्यापरीस एकावरचा उडाला तर बरं, असं वाटलं तवा. चुकलो बी असंन."

"राग नाही आला?"

"आला की! मी काय संत हाय काय? तुमच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली, मी मुद्दाम आलो न्हाई. बायकोनं बोल लावले." मग टरफलं झटकून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्या किरणचं पुढं काय झालं ओ?"

मला माहीत नव्हतं. डॉक्टरीला लागला नाही, एवढंच निकालात बघितलं होतं. कुठं गेला, काय करतो, जिवंत आहे की नाही, मी कधी चौकशीच केली नव्हती. इतकी वर्षं मी स्वतःच्या अपराधाला जपत बसलो होतो. त्या अपराधाच्या मध्यभागी एक पोरगं उभं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सरांना ते कळलं असावं. ते एवढंच म्हणाले, "इचारा कुणाला तरी. मी शबुद दिलेला हाय त्याच्या बापाला. तुमाला कुणाची मनाई हाय? कळलं की मला सांगा."

मी हो म्हणालो. लातूरला परतलो, आणि केलं नाही. आज करू, उद्या करू. खरं सांगायचं तर वाईट काही ऐकायला मिळेल याची भीती होती. वर्षभर असंच गेलं. मग एका सकाळी जुन्या स्टाफच्या ग्रुपवर निरोप आला, बिरादार सर भोकरला झोपेतच गेले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही दोन हात जोडले.

त्याच दिवशी मी किरणचा शोध सुरू केला, आणि जेवायच्या वेळेपर्यंत नंबर मिळाला. एवढंच काम होतं ते.

किरण भोकरलाच होता. तहसिलीसमोर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, लग्न झालंय, एक मुलगी आहे. "बरं चाललंय सर," तो म्हणाला. आवाज भरदार झाला होता. बारावीनंतर आई त्याला घेऊन नांदेडला त्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती, बापाच्या परस्पर. खोलीवर आले तेव्हा सरांनी बाईंचं नाव आणि पत्ता लिहून दिलेली चिठ्ठी आईनं पदराच्या गाठीला बांधून ठेवली होती.

मी त्याला सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून काय ऐकलं, फोनवर काय बोललो, प्राचार्यांपुढं काय बोललो नाही.

पलीकडे झेरॉक्सचं मशीन चालू होतं. ते बंद झाल्याचा आवाज आला.

"सर बाजारात दिसायचे मला," किरण म्हणाला. "पिशवी घेऊन, रविवारी. मी रस्ता बदलायचो. एकदा दुकानाकडं येताना दिसले तर शटर खाली वढलं. मला वाटायचं, ह्याच माणसानं सांगितलं माझं. आईनं चिठ्ठी दाखवली तरी वाटायचं." मग म्हणाला, "दोन गल्ल्या पल्याड राहत हुते ते."

पुढं त्यानंच विचारलं,

"तुमी कवा बघितलं त्यांना? शेवटचं?"

मी सांगितलं. नांदेडच्या स्टँडवर, भोकरची गाडी लागली तसे ते उठले. गर्दीत कोपर घालून खिडकीची जागा धरली. शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर लहान पोरगी, रडून रडून लाल झालेली. मी खाली उभा होतो, ते निरोपाला बघतील म्हणून. पण सर त्या पोरीशी बोलायला लागले होते. बोलता बोलता तिचं रडं थांबलं. गाडी सुटली तेव्हा त्यांचा हात खिडकीबाहेर निघाला. मला वाटलं माझ्यासाठी, म्हणून मीही हात वर केला. पण ते तिला बोटानं काहीतरी दाखवत होते.

"काय दाखवत हुते?" किरणनं विचारलं.

"ते मला दिसलं नाही रे," मी म्हणालो. "गाडी वळली."